दुसऱ्या डोळ्याची साक्ष

आपला डावा डोळा अधू झाला आहे, हे आईच्या लक्षात आले ते निव्वळ योगायोगाने. उजव्या डोळ्यात कसलासा कण गेला म्हणून तिने तो तळहाताने झाकून धरला आणि समोरच्या दाराची उभी चौकट तिला मध्येच वाकलेली दिसली. हात काढला की चौकट सरळ होई, पुन्हा झाकला की पुन्हा वाके. हा खेळ तीन-चारदा करून पाहिल्यावर तिने मला हाक मारली आणि विचारले, "ही चौकट तुला सरळ दिसते का गं?"

मोतीबिंदू असेल, काढला की झाले, अशी आम्हा दोघींची समजूत होती. तपासणीनंतर डॉक्टरांनी पडद्यावर दृष्टिपटलाचे छायाचित्र दाखवले. डाव्या डोळ्यात मध्यबिंदूला लागून एक फिकट, नकाशातल्या बेटासारखा डाग होता आणि उजव्या डोळ्यात नुसते पिवळसर ठिपके विखुरलेले होते. विकाराचे नाव वयपरत्वे होणारा मॅक्युलाचा ऱ्हास, त्यातला 'ड्राय' म्हणजे शुष्क प्रकार. डाव्या डोळ्याचे नुकसान निदान वर्षभर चालू असावे, असे ते म्हणाले. आईला त्याचा पत्ता लागला नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा डाव्याची उणीव भरून काढत होता आणि मेंदू दोघांचे मिळून एक नीटनेटके चित्र तिच्यापुढे ठेवत होता.

त्या दिवसापासून आमच्याकडे कात्रणे आणि निरोप येऊ लागले. 'स्टेम सेलने दृष्टी परत', 'अंधत्वावर रामबाण', 'एका इंजेक्शनने चमत्कार'. पाठवणाऱ्यांच्या मनात माया होती यात शंका नाही. आई प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारी, "हे माझ्यासाठी आहे का?" त्या प्रश्नाला धड उत्तर देता यावे म्हणून मी मूळ शोधनिबंध वाचू लागले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पहिले काही महिने शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचावे लागले. या वाचनातून मला एक सवय लागली. अशा प्रत्येक बातमीत मी आता सर्वांत आधी शोधते ती एकच गोष्ट: ज्या डोळ्यावर उपचार केला नाही, त्या दुसऱ्या डोळ्याचे काय झाले?

तिकडे वळण्याआधी विकाराबद्दल थोडे सांगायला हवे. मॅक्युला म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यावरचा जेमतेम साडेपाच मिलिमीटर व्यासाचा भाग. वाचणे, सुई ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, अशी सारी बारीक कामे हा भाग करतो. तेथील प्रकाशसंवेदी पेशींच्या खाली रंगद्रव्याने भरलेल्या, षटकोनी फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींचा एकच पदर असतो. त्याला रेटिनल पिगमेंट एपिथेलियम, संक्षेपाने आरपीई म्हणतात. या पदराचे काम पाहिले की मला एखाद्या मोठ्या घरातल्या अबोल कर्त्या बाईची आठवण होते. प्रकाशसंवेदी पेशींची टोके प्रकाशाच्या माऱ्याने झिजतात, आणि रोज जवळपास दहावा हिस्सा गळून पडतो. तो गिळून पचवायचा, खालच्या रक्तवाहिन्यांतून पोषण वर पोचवायचे, वापरलेले जीवनसत्त्व अ दुरुस्त करून परत द्यायचे, हे सारे आरपीईच करते. प्रौढ माणसाच्या डोळ्यात या पेशी सहसा विभागत नाहीत, म्हणजे जन्मभर तीच माणसे तोच घाणा ओढत असतात. वयाबरोबर त्यांच्यात न पचलेला कचरा साठतो, पदराखाली ड्रुझेन नावाचे पिवळसर साठे होतात, आणि एके ठिकाणी आरपीईच्या पेशी मरू लागल्या की त्यांच्या आधारावर जगणाऱ्या प्रकाशसंवेदी पेशीही मागोमाग मरतात.

याखेरीज 'वेट' म्हणजे आर्द्र प्रकार आहे. त्यात खालून नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वर घुसतात. त्याचे रुग्ण संख्येने कमी असतात, पण नजर झपाट्याने जाते. मात्र 2006 पासून रॅनिबिझुमॅब आणि नंतर तशाच इतर औषधांची डोळ्यात द्यायची इंजेक्शने मिळू लागल्याने त्या रुग्णांचे भवितव्य खरोखर पालटले. शुष्क प्रकाराच्या वाट्याला असे काही आले नाही. 2023 साली अमेरिकेत पेगसेटाकोप्लॅन आणि अव्हासिनकॅप्टॅड पेगॉल ही दोन औषधे मंजूर झाली. ती डागाच्या वाढीचा वेग कमी करतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. ल्युटिन, झिंक वगैरेंच्या गोळ्या मधल्या टप्प्यातील रुग्णांना विकार पुढे सरकण्यापासून काही प्रमाणात वाचवतात. आईच्या उजव्या डोळ्यासाठी त्या चालू आहेत.

पेशी बदलण्याची कल्पना येथूनच सुरू होते. मेंदूतल्या किंवा दृष्टिपटलाच्या वरच्या थरांतल्या पेशी बदलायच्या तर त्यांची हजारो जोडण्यांची गुंतागुंत पुन्हा जुळवावी लागेल. आरपीईला तसल्या चेताजोडण्या नाहीत. तो एक सपाट, एकपदरी गालिचा आहे. तो जागेवर बसला आणि वर-खाली देवघेव करू लागला की पुरे. हे केवळ कागदावरचे गणित नव्हते. 1990 च्या दशकात रॉबर्ट माखेमर आणि इतर शल्यवैद्यांनी आर्द्र प्रकाराच्या रुग्णांमध्ये अख्खे दृष्टिपटल सोडवून, किंचित फिरवून, मॅक्युला शेजारच्या निरोगी आरपीईवर नेऊन बसवण्याची शस्त्रक्रिया केली. ती इतकी अवघड आणि धोक्याची होती की मागे पडली, पण तिच्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: खालची जमीन निरोगी मिळाली तर वरच्या पेशी पुन्हा काम करू शकतात.

मग प्रश्न उरला नव्या पेशी आणायच्या कुठून याचा. 1998 मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते त्या स्टेम सेल, प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवले. त्यांनाच आयपीएस पेशी म्हणतात. मूलपेशींपासून हवी ती पेशी मिळवणे हे सहसा फार किचकट काम असते, परंतु आरपीईच्या बाबतीत निसर्गाने थोडी सवलत दिलेली दिसते. मूलपेशींना मूलपेशी म्हणून टिकवून ठेवणारी द्रव्ये काढून घेऊन काही आठवडे बशीत तशाच राहू दिल्या, तर त्यांतल्या काही आपणहून आरपीई होतात आणि बशीत तपकिरी-काळे ठिपके उमटतात. ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पहिल्या काही वर्षांत संशोधक हे ठिपके हाताने कापून, उचलून वेगळे वाढवत. एवढ्या मोठ्या शास्त्राचा प्रारंभ बशीतले काळे ठिपके निवडण्यातून, जणू तांदळातले खडे वेचावेत तसा झाला, हे वाचून मला फार गंमत वाटली होती.

अशा पेशी माणसाच्या डोळ्यात प्रथम गेल्या 2011 मध्ये, अमेरिकेत. लॉस एंजेलिसमधील जूल्स स्टाइन नेत्रसंस्थेत स्टीव्हन श्वार्ट्झ यांच्या गटाने दोन स्त्रियांच्या एकेका डोळ्यात दृष्टिपटलाखाली 50,000 आरपीई पेशी द्रवातून सोडल्या. एकीला शुष्क मॅक्युला-ऱ्हास होता, दुसरीला स्टारगार्ट नावाचा आनुवंशिक विकार. पुढे हा प्रयोग 18 रुग्णांपर्यंत गेला आणि त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या डोळ्यांपैकी 10 डोळ्यांची नजर सुधारली, 7 डोळ्यांची सुधारली किंवा होती तशी राहिली, आणि एका डोळ्याने तक्त्यावरची 10 हून अधिक अक्षरे गमावली. वर्तमानपत्रांनी पहिला आकडा उचलला. माझे लक्ष गेले ते त्याच परिच्छेदातील पुढच्या वाक्याकडे: उपचार न केलेल्या दुसऱ्या डोळ्यांमध्ये अशी सुधारणा दिसली नाही.

हे वाक्य इतके महत्त्वाचे का, ते समजायला मला आईबरोबर तपासणीच्या खोलीत बसावे लागले. नजर मोजायचा तक्ता वाचताना ती मान किंचित वळवते, डागाच्या कडेने अक्षर गाठते, कधी अंदाजही बांधते. एका भेटीत तिने मागच्या वेळेपेक्षा सहा अक्षरे जास्त वाचली आणि आम्ही घरी परतताना आनंदात होतो. त्याच्या पुढच्या भेटीत ती सहाही गेली. मधल्या काळात डोळ्यात काहीही बदलले नव्हते. तक्ता ओळखीचा होतो, कडेने पाहण्याचे कसब वाढते, झोप बरी झालेली असते, खोलीतला उजेड मनासारखा असतो. ही सारी कारणे दोन्ही डोळ्यांना सारखीच लागू पडतात, म्हणून उपचाराचा डोळा सुधारला आणि दुसरा जागचा हलला नाही, तर त्या सुधारणेला काही वजन येते.

तरीही या साक्षीवर निकाल देता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. कोणत्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली हे रुग्णाला ठाऊक असते आणि त्या डोळ्याने वाचताना तो जिवाचे रान करतो. शिवाय पहिल्या टप्प्यातील प्रयोगांत नेहमी अधिक बिघडलेला डोळा निवडतात, कारण काही वाईट घडलेच तर बरा डोळा शाबूत राहावा. असा डोळा मुळात खालच्या पायरीवर असल्याने त्याला वर चढायला जागाही जास्त असते. दुसरा डोळा बोलतो ते ऐकावे, पण मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन, उपचार घेणारे आणि न घेणारे असे चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेल्या चाचणीची जागा तो घेऊ शकत नाही.

सप्टेंबर 2014 मध्ये जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले. सत्तरी ओलांडलेल्या, आर्द्र प्रकाराने ग्रासलेल्या एका स्त्रीच्या त्वचेच्या तुकड्यापासून आयपीएस पेशी, त्यांपासून आरपीई, आणि त्यापासून 1.3 मिलिमीटर रुंद व 3 मिलिमीटर लांब असा पातळ पापुद्रा तयार करून तो तिच्याच डोळ्यात बसवण्यात आला. आयपीएस पेशींपासून बनवलेल्या ऊती माणसात बसवण्याची ही जगातील पहिलीच वेळ होती. वर्षभरानंतर पापुद्रा जिवंत होता, गाठ झाली नव्हती, आणि नजर सुधारली नव्हती तशी घसरलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशीही तयार होत्या, परंतु तपासणीत त्यांच्यात जनुकीय बदल आढळले तेव्हा गटाने ती शस्त्रक्रिया केलीच नाही. जगाचे लक्ष लागलेले असताना, पेशी हाताशी असताना, थांबण्याचा तो निर्णय मला त्या संपूर्ण प्रयोगातला सर्वांत भरवशाचा भाग वाटतो.

हा शोधनिबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या 16 मार्च 2017 च्या अंकात 1038 ते 1046 या पानांवर छापलेला आहे. पान उलटले की 1047 वर त्याच विकाराच्या तीन अमेरिकी स्त्रियांची हकिकत सुरू होते. त्यांची वये 72 ते 88 होती. फ्लोरिडातील एका खासगी दवाखान्यात त्यांच्या पोटावरील चरबी काढून, तिच्यावर थोडी प्रक्रिया करून, तिच्यातून मिळालेल्या तथाकथित मूलपेशी त्यांच्या डोळ्यांत टोचण्यात आल्या. त्यासाठी प्रत्येकीकडून 5,000 डॉलर घेतले गेले. उपचारापूर्वी त्यांना बऱ्यापैकी दिसत होते. वर्षभरानंतर त्या जवळजवळ अंध झालेल्या होत्या, त्यांतल्या एकीला उजेडही कळत नव्हता. दृष्टिपटल सुटणे, रक्तस्राव, डोळ्यातला दाब वाढणे, असे जे जे व्हायचे ते झाले होते. त्यांच्यापैकी निदान एकीने हा उपचार अमेरिकी सरकारच्या चाचणी-नोंदणीच्या संकेतस्थळावर पाहिला होता. तेथे नोंद असणे म्हणजे कोणी तपासून मान्यता दिली असणे नव्हे, हे सामान्य माणसाला कसे कळावे?

त्या हकिकतीतली एक ओळ मी अजून विसरू शकलेले नाही. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. डोळ्याचा कोणताही जबाबदार डॉक्टर अप्रमाणित उपचार दोन्ही डोळ्यांवर एकदम करत नाही, आणि कोणत्याही खऱ्या प्रयोगात रुग्णाकडून पेशींचे पैसे घेतले जात नाहीत. शिवाय चरबीतून काढलेल्या पेशी आरपीई नव्हेत. त्यांनी डोळ्यात जाऊन आरपीईचे काम का करावे याचे कारण कोणी दिलेले नव्हते. आमच्याकडे येणाऱ्या जाहिरातींपैकी बहुतेक या तीन खुणांनीच गळून पडतात, आणि आईलाही त्या खुणा आता तोंडपाठ आहेत.

2018 मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील लिंडन दा क्रूझ आणि पीट कॉफी यांच्या गटाने दोन रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या आरपीईचा, सूक्ष्म पटलावर वाढवलेला 6 मिलिमीटर लांब आणि 3 मिलिमीटर रुंद तुकडा त्यांच्या एकेका डोळ्यात बसवला होता. वर्षभरात एकाला तक्त्यावर 29 आणि दुसऱ्याला 21 अक्षरे अधिक वाचता येऊ लागली. तक्त्यावरच्या एका ओळीत पाच अक्षरे असतात, तेव्हा ही झेप चार ते सहा ओळींची झाली. आकड्यांच्या पलीकडे, ज्या डोळ्याने पुस्तकातला मजकूर वाचताच येत नव्हता, त्याने हळूहळू का होईना वाचन सुरू झाले. आईला हे वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

नंतर तिने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मला त्याचे अवघड उत्तर द्यावे लागले. त्या दोन्ही रुग्णांना आर्द्र प्रकार होता आणि त्यांची नजर अवघ्या काही आठवड्यांपूर्वी एकाएकी गेलेली होती. आरपीई उद्ध्वस्त झाला होता, पण वरच्या प्रकाशसंवेदी पेशी अजून जिवंत होत्या. नवी जमीन मिळताच त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आईच्या डाव्या डोळ्यातील डागाच्या मध्यभागी मात्र त्या पेशी केव्हाच संपलेल्या आहेत. तेथे कितीही उत्तम आरपीई बसवला तरी त्याने सांभाळायचे कोणाला? कॅलिफोर्नियात मार्क हुमायून आणि सहकाऱ्यांनी प्रगत शुष्क प्रकाराच्या रुग्णांत असाच तुकडा बसवला, तेव्हा त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चार डोळ्यांपैकी एकाने 17 अक्षरे मिळवली आणि बाकीच्यांची घसरण त्या काळात थांबलेली दिसली. शुष्क प्रकारात अपेक्षा ठेवायची ती बहुधा डागाच्या कडेवर, जेथे पेशी आजारी आहेत पण मेलेल्या नाहीत.

मग प्रकाशसंवेदी पेशीच का बसवू नयेत? ही वाट फार लांबची आहे आणि तिच्यावर एक मोठे वळण येऊन गेले. अनेक वर्षे उंदरांच्या डोळ्यात हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाची खूण केलेल्या पेशी सोडत, आणि काही आठवड्यांनी दृष्टिपटलात नेमक्या जागी, नेमक्या आकाराच्या हिरव्या पेशी दिसत. नव्या पेशी जाऊन रुजल्या, असा त्याचा अर्थ लावला गेला. 2016 मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवून दिले की बहुतेक वेळा बाहेरच्या पेशी जागच्या हलतच नव्हत्या. त्या आपल्यातील प्रथिने उंदराच्या मूळच्या पेशींना देत होत्या आणि हिरव्या दिसत होत्या त्या मूळच्याच पेशी. हे शोधणाऱ्यांमध्ये पूर्वीचे निष्कर्ष मांडणारे गटही होते, याचे मला विशेष वाटते. त्यामुळे जुना अर्थ बदलावा लागला, तरी ही देवघेव आजारी पेशींना उपयोगी पडू शकेल का, असा नवा प्रश्नही पुढे आला.

सध्या काम तीन-चार दिशांनी चालू आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेत कपिल भारती यांच्या गटाने 2022 मध्ये शुष्क प्रकाराच्या रुग्णाला त्याच्याच रक्तपेशींपासून बनवलेला आरपीईचा तुकडा विरघळणाऱ्या आधारावर वाढवून बसवला. स्वतःच्याच पेशी असल्याने शरीराने त्या नाकारण्याची भीती कमी, पण प्रत्येक रुग्णासाठी नव्याने पेशी घडवण्यात महिने जातात. परक्याच्या पेशी तयार ठेवता येतात, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात, आणि वयस्कर शरीराला ती सोसतातच असे नाही. मिशिगनमधील गटाने मूलपेशी घेतल्या त्या मरणोत्तर नेत्रदानात मिळालेल्या प्रौढ डोळ्यांच्या आरपीईतून. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या सहा रुग्णांपैकी सर्वांत कमी दिसणाऱ्या तिघांनी वर्षभरात सरासरी 21 हून अधिक अक्षरे मिळवली, आणि त्यांच्या दुसऱ्या डोळ्यांत तशी सुधारणा नव्हती. सहाच माणसे आहेत, हे मी स्वतःला बजावते. तरी तो निबंध मी दोनदा वाचला.

डॉक्टरांना मी गेल्या भेटीत विचारले की उद्या अशी एखादी चाचणी खुली झाली, तर आईचा कोणता डोळा निवडतील. ते म्हणाले, डावा, कारण नियम तसाच असतो. पण उपचार खरोखर सिद्ध झाला, तर त्याचा फायदा उजव्याला जास्त होईल, कारण वाचवण्यासारखे त्यात अधिक आहे. आईने हे ऐकले आणि परतताना वाटेत म्हणाली, "म्हणजे डाव्याने आधी जाऊन बघून यायचे."

दर रविवारी सकाळी ती चहाआधी कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या चौकटीच्या कागदासमोर उभी राहते. आधी डावा डोळा झाकते, मधल्या काळ्या ठिपक्याकडे पाहते आणि आडव्या-उभ्या रेघा तपासते. मग उजवा झाकते. डाव्या डोळ्याला जेथे रेघा वाकतात आणि मध्येच बुजतात, तो भाग तिने एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढून ठेवला आहे. दर महिन्याला नवा कागद, खाली तारीख. गेल्या रविवारचा कागद आधीच्या महिन्याच्या कागदावर ठेवून आम्ही खिडकीशी उजेडात धरला. डाव्याचा डाग कडेने किंचित वाढलेला होता. उजव्या डोळ्याचा कागद तिने काढलाच नव्हता. त्यावर काढण्यासारखे अजून काही नाही, असे ती म्हणाली.